मधल्या खोलीतली दुपटी

१

दानूला दुपारच्या शाळेच्या रिक्षात बसवून दिलं, की शिवलीलाची झडती सुरू व्हायची. आधी दारातल्या चपला आणि बूट; एकेक उलटा करून उंबऱ्याबाहेर तीनदा आपटायचा. मग मधल्या खोलीतली गादी उचलून खाली मोबाइलची बॅटरी मारायची, उशांचे अभ्रे उलटे करायचे, कपाट भिंतीपासून वीतभर ओढून त्याच्या मागे झाडू घालायचा. सगळ्यात शेवटी पाळणा. त्याच्या साखळ्या वरपासून खालपर्यंत ओल्या फडक्यानं पुसायच्या, आतली गोधडी गॅलरीत नेऊन झटकायची, आणि मगच तीन महिन्यांच्या प्रभूला त्यात ठेवायचं. पाऊण तास जायचा ह्यात. रोज.

कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं. दानूच्या कोपराखालचा रुपयाएवढा काळा डाग ज्यानं पाहिलाय, तो हसणार नाही. दोन महिन्यांपूर्वी चेंडू काढायला म्हणून पोरीनं स्टुलावर चढून देव्हाऱ्यामागे हात घातला होता. चार वर्षांचं लेकरू ते! संध्याकाळपर्यंत हात सुजून टम्म झाला, तीन दिवस ताप उतरेना, दवाखान्यात सलाइन लावून निजवावं लागलं. "कोळी चावलाय, आणि विषारी दिसतोय," डॉक्टर म्हणाले. घरी काय करायचं ते त्यांनी कागदावर लिहून दिलं: फटी बुजवा, अडगळ काढा, जाळं दिसलं की लगेच काढा. शिवलीलानं तो कागद फ्रिजवर चिकटवला. दानूकडूनही घोकून घेतलं, कोळी दिसला तर हात लावायचा नाही, फुंकायचं नाही, आईला हाक मारायची.

आणि बाकीचे? बाकीच्यांना काही पडलेलीच नव्हती. नवरा राजशेखर, सोलापुरात टॉवेल-चादरीच्या दुकानाचा मालक, तो म्हणायचा, "अगं, भवानी पेठेत मागाशेजारी राहायचं आणि जाळ्यांना भ्यायचं होय? ती निम्मी रुई असते." त्यात खरं एवढंच, की शेजारच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता आणि त्याची रुई खिडक्यांच्या गजांवर, पंख्यावर, देवाच्या फोटोंवर बसायची. पण रुई कधी कुणाला चावल्याचं ऐकलंय? मग फवारणीवाला बोलावला. तो पाठीवर टाकी घेऊन आला, लग्नात अत्तर उडवतात तसं चार कोपऱ्यांत फुसफुस केलं आणि जाताना म्हणाला, "मॅडम, कोळी तसा गरीब जीव असतो." गरीब! शिवलीलानं त्याला दानूच्या हाताचा फोटो दाखवला, तर म्हणाला, "अरेरे," आणि जिना उतरून गेला.

म्हणून मग तिनं सगळं आपल्याच अंगावर घेतलं. पदर खोचला, सिमेंट आणलं, भिंतींच्या फटी बुजवल्या, खिडक्यांना जाळ्या ठोकून घेतल्या. राहिली एकच जागा, मधल्या खोलीतल्या देव्हाऱ्यावरची. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

२

घर पहिल्या मजल्यावर. खाली सुताचं गोदाम, बरेच दिवस बंद. वर तीन खोल्या एका ओळीत. पुढच्या खोलीत दुपारभर शिवलीला बसायची, दुकानाच्या ऑर्डरी फोनवर घ्यायला. मागे स्वयंपाकघर आणि गॅलरी, ते तिची सासू चंद्रव्वा हिचं राज्य. दोघींच्या मधे ती मधली खोली. तिला दोन दारं, एक पुढं उघडणारं, एक मागं. पाळणा तिथंच, कारण कारखान्याचा खडखडाट त्यातल्या त्यात तिथं कमी. आणि पाळण्याच्या वरच्या अंगाला, भिंतीवर ठोकलेला, देव्हारा.

चंद्रव्वाला सगळे अव्वा म्हणायचे. अक्कलकोटकडची बाई, निम्मं कानडी बोलणारी, सकाळी पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी. फिकट इरकल लुगड्याचा पदर सदा डोक्यावर. मनानं वाईट नव्हती, हे शिवलीलाही कबूल करायची. पण देव्हाऱ्यावरच्या जाळ्याला हात लावू द्यायची नाही म्हणजे नाही.

त्या सोमवारी शिवलीलानं स्टुलावर चढून झाडू उचलला, तेवढ्यात अव्वा मागच्या दारात उभी.

"आगं, सोमवार हाय आज. खाली ठेव ते."

"अव्वा, ह्याच जाळ्यामागं दानूनं हात घातला होता."

"डिवचलं म्हणून चावला त्यो. कोळी महादेवाचा भक्त हाय. मी ह्या घरात आले तवापासून हाय हे जाळं. कुनाला काय केलं न्हाय."

"भक्त आहे तर देवळात जाऊन राहू दे की त्याला! माझ्या लेकराच्या पाळण्यावर काय काम त्याचं?" आणि तिनं झाडू घातला.

जाळं तुटतं तसं ते तुटलं नाही. झाडूला गुंडाळलं जाऊन लोंबायला हवं होतं. त्याऐवजी ते एका बाजूनं सरळ फाटत गेलं, खळ दिलेलं कापड फाटावं तसा खर्रकन आवाज करत. मागे कोळी नव्हता. अंडी नव्हती, मेलेली माशीसुद्धा नव्हती. भिंत एवढी स्वच्छ, की जणू कुणी रोज पुसत होतं.

पण हे बघायला कुणाला वेळ होता? दोघींचं भांडण जुंपलं होतं. जाळ्यावरून गाडी प्रभूच्या दुपट्यावर आली. अव्वा बाळाला दुपट्यात गच्च आवळून, काठीसारखं करून निजवायची. लशीच्या नर्सनं सांगितलं होतं, इतकं आवळू नका, पाय मोकळे राहू द्या. शिवलीलानं तेही ऐकवलं, "उद्यापासून त्याला बांधायचं नाही."

"माझी तिन्ही पोरं अशीच वाढली."

"तुमची वाढली. हे माझं आहे."

झालं! अव्वाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बरं. आता मी ह्या घरात त्वांड उघडायची न्हाय," एवढं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून दोघींचा अबोला. काय लागेल ते दानूमार्फत. "दानू, अव्वाला सांग, चहा झालाय." "दानू, आईला सांग, दूधवाला आलाय." दानू शाळेत गेली की घरात चकार शब्द नाही, नुसता कारखान्याचा खडखडाट.

३

तिसऱ्या दिवशी चारला ऑर्डरी संपवून शिवलीला मधल्या खोलीत गेली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रभू दुपट्यात. गळ्यापासून पायांपर्यंत गच्च, एक सुरकुती नाही. पांढरं, जुनं धुऊन धुऊन मऊ झालेलं असावं तसं कापड.

बांधणी मात्र अव्वाच्या नेहमीच्या बांधणीहून सुबक होती. अव्वा टोक छातीवर खोचायची. ह्याला टोकच सापडेना. पाठीखाली, मानेखाली, बगलेत सगळीकडे बोटं फिरवली, शेवटी पायांशी नखानं उकरल्यावर एक कड सुटली. कोपऱ्यात मोहरीच्या पुरचुंडीएवढी गाठ होती. दृष्ट लागू नये म्हणून अव्वा मीठ-मोहरी बांधते तशी. बोलायचं नाही, पण आपलं चालवायचं ते चालवायचंच! शिवलीलानं गाठीला हात लावला नाही. दृष्टीची गाठ आईनं सोडू नये म्हणतात. आणि कितीही संतापली तरी एवढं ती पाळायची. दुपट्याची घडी केली आणि कपाटात वरच्या फळीवर आपटली. तोंड उघडून बोलणार नव्हती ती. आधी अव्वानं बोलायचं.

पुढचे अडीच आठवडे हेच. कधी रोज, कधी दिवसाआड. दुपारी मोकळा निजवलेला प्रभू चारला बांधलेला असायचा. प्रत्येक वेळी नवं दुपटं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात गाठ. म्हातारीच्या ट्रंकेत आहेत तरी किती! ती सोडायची, घडी करायची, कपाटात टाकायची, दातओठ खायची.

एक गोष्ट चांगली झाली होती, निदान तिला चांगली वाटली होती. घरातले कोळी गेले. चपलांतून काही पडेना, गादीखाली काही दिसेना, खिडक्यांत एक तंतू नाही. झडतीत काही सापडेना म्हणून झडती बारा मिनिटांवर आली. "बघा, बाईमाणसानं मनावर घेतलं की होतं," असं तिनं राजशेखरला सुनावलंसुद्धा.

प्रभू मात्र सुस्त झाला. आधी तासातासाला दुधासाठी घर डोक्यावर घेणारं पोर, आता चारला उचललं तरी डोळे उघडेना. कोमट पाण्याचा हात फिरवला, तळव्यांना टिचक्या मारल्या, की मग कुठं कण्हायचा. लशीला नेलं तेव्हा वजन पावशेर कमी भरलं. नर्सनं काटा दोनदा पाहिला. "घरात गुटी-बिटी देतंय का कुणी?" तिनं विचारलं. कानामागे दोन बारीक लाल ठिपके होते, तिकडे बोट दाखवून म्हणाली, "डास. मच्छरदाणी लावा."

गुटी! शिवलीलाच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. जुन्या बायका पोरं निजावीत म्हणून गुटीत काय काय उगाळतात ते तिनं ऐकलं होतं. दुपट्याची हौस समजू शकते. पण लेकराच्या जिवाशी खेळ? त्या संध्याकाळी राजशेखर दुकानातून आला, तशी ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"अव्वाला विचारा. दुपारी काय पाजतात त्याला ते विचारा. वजन उतरलंय पोराचं."

राजशेखरनं बूट काढता काढता हात जोडले. "तुम्हां दोघींच्या मधे मला ओढू नकोस, लीला. आजी आहे ती त्याची..."

"आजी आहे म्हणून काय मारणार का?"

"हळू बोल."

हळू बोल! ह्या माणसानं त्या संध्याकाळी दहा पावलं चालून आईला एक वाक्य विचारलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं. पण नाही. दोघींचं भांडण आहे, दोघी मिटवतील. जेवला आणि झोपला.

४

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा, महादेवीचा, करमाळ्याहून फोन आला. तिला मुलगा झाला होता. "ताई, प्रभूचे वापरलेले कपडे पाठव की. बाळाला नवंकोरं घालायचं नाही म्हणतात इकडे, धडधाकट लेकराच्या अंगावरचं आधी घालायचं."

तसा रिवाजच आहे; दानूलाही जन्मल्यावर आत्याच्या पोराची झबली घातली होती. शिवलीलानं चार झबली, दोन टोपडी काढली, आणि मग तिची नजर वरच्या फळीवर गेली. नीट घड्या केलेली दहा दुपटी. जुनी, मऊ, स्वच्छ, दृष्टीची गाठ मारलेली. वरून अव्वाच्या ट्रंकेतला मौल्यवान ठेवा! जाऊ दे सगळा करमाळ्याला, मग बघू उद्या कशात बांधते ते. त्या विचारानं तिला इतका आनंद झाला, की ती हसलीच. नऊ दुपटी पिशवीत भरली. दहावं दानूनं बाहुलीला पाहिजे म्हणून पळवलं.

राजशेखरचा माल घेऊन टेम्पो करमाळ्याच्या बाजाराला चालला होता, त्यात पिशवी गेली.

दुसऱ्या दिवशी चारला प्रभू पुन्हा बांधलेला. नवं दुपटं, नवी गाठ.

५

कारखान्याच्या सुट्टीचा वार होता. माग बंद. असं झालं की भवानी पेठेतल्या माणसाला बहिरं झाल्यासारखं वाटतं. मग हळूहळू एकेक आवाज कानावर यायला लागतो, नळाचा, गल्लीतल्या रिक्षाचा, शेजारच्या कुकरच्या शिट्टीचा.

अडीच वाजले असतील. शिवलीला पुढच्या खोलीत फोन घेऊन बसली होती, आणि मधल्या खोलीतून तिला एक आवाज आला. खळीच्या कापडावरून नखं फिरवावीत तसा. थोडा वेळ यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. घाई नव्हती त्यात. नेहमीच्या हातानं नेहमीचं काम चालल्यासारखा.

सापडली! पोराला बांधायचं काम चाललंय. आज रंगेहाथ धरायची, असं मनाशी म्हणत ती अनवाणी दाराशी गेली. दार लोटलेलं, बोटभर फट. फटीतून पाळणा दिसला, आणि पाळण्यावर वाकलेली अव्वाची पाठ. फिकट पदर डोक्यावर घेतलेला, खांदे खाली, हात कामात. बसलीय कशावर ते पाळण्याआड होतं.

शिवलीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिथंच दार ढकलून ओरडणार होती. पण मनात आलं, एकटीनं ओरडून काय उपयोग? उद्या म्हणेल, सुनेनं आळ घेतला. साक्षीदार पाहिजे. ती परत वळली, पुढच्या दारानं बाहेर पडली, जिन्याच्या बाजूच्या सज्ज्यातून मागच्या गॅलरीकडे निघाली. शेजारच्या वहिनींना बोलवायचं आणि मागच्या दारानं दोघींनी एकदम आत शिरायचं, असा बेत.

गॅलरीत अव्वा बसली होती. पाय पसरून, मांडीवर सूप, ज्वारी निवडत.

शिवलीला जागच्या जागी थांबली. आधी तिला वाटलं, म्हातारी चपळ आहे, मागच्या दारानं निसटली. पण सुपातले खडे एका बाजूला मूठभर साठले होते, आणि मांडीवर ज्वारीचा भुसा दाट पडला होता. बराच वेळ बसलेलं माणूस होतं ते.

अबोला मोडला, आणि कुणी मोडला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"अव्वा, तुम्ही आत्ता आत नव्हतात?"

"कुटं आत?"

"मधल्या खोलीत. प्रभूला बांधत."

अव्वानं तिच्याकडं वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल. "मी कशाला बांधू? तूच न्हाय का रोज बांधतीस? मी येता-जाता बघते की. म्हटलं, पोरगी बोलली तरी शेवटी शानी झाली. लई छान बांधतीस. मला बी असं जमत न्हाय."

"मी नाही बांधत."

"मग?"

"ती गाठ... मीठ-मोहरीची?"

"कसली गाठ?"

सूप अव्वाच्या मांडीवरून कलंडलं. ज्वारी गॅलरीभर पसरली. त्या शांततेत दोघींनाही तो आवाज ऐकू आला, आतून, खळीच्या कापडावर नखं.

"अय्य शिवशिवा," अव्वा पुटपुटली. "मग आत्ता आत कोन हाय?"

शिवलीलाच्या आधी तीच दाराशी पोचली. तिनं कडीला हात घातला तसा आवाज थांबला.

खोलीत कुणी नव्हतं, असंच दोघी पुढं सांगतात. राजशेखरला तसंच सांगितलं, डॉक्टरांना तर त्याहून कमी. पण दार उघडताना, उजेड आत शिरताना, शिवलीलानं पाहिलं ते इतकंच: फिकट पदरासारखं काहीतरी पाळण्यावरून उचललं गेलं आणि भिंतीवरून वर, देव्हाऱ्याच्या मागे ओढलं गेलं. पदर ओढला जातो तसा एका बाजूनं नाही; सगळीकडून, एकदम, खूप ठिकाणी पाय लागत असल्यासारखा.

प्रभू हनुवटीपर्यंत बांधलेला होता. हनुवटीपासून वरचं काम राहिलं होतं.

पायांशी एक धागा होता. ताणून बसलेला, दुपट्यातून निघून सरळ वर देव्हाऱ्याच्या मागे गेलेला. शिवलीलानं पोराला उचललं, तसा तो वाजला. तिनं हातानं तोडायला बघितला, बोट हाडापर्यंत कापलं. अव्वानं देव्हाऱ्यातली जळती समई उचलून धाग्याखाली धरली. सोमवार होता का कुठला वार होता, तिनं काही पाहिलं नाही.

६

चार दिवस दवाखान्यात गेले. प्रभू दुसऱ्या दिवशी सकाळी रडला, पोट भरून, घर डोक्यावर घेऊन रडायचा तसा. आणि अव्वा दवाखान्याच्या पायरीवर बसून त्याच्याहून मोठ्यानं रडली. शिवलीला तिच्याशेजारी जाऊन बसली. तीन आठवडे दोन बायका एका घरात तोंड शिवून बसल्या, तिला वाटत राहिलं, आणि तेवढ्यात मधल्या खोलीत कुणी निवांत आपलं काम केलं. राग येत होता. आता तो स्वतःचाच.

परत त्या घरात पाऊल टाकायचं नाही, हे तिनं ठणकावून सांगितलं, आणि ह्या वेळी राजशेखर हळू बोल म्हणाला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात, दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. सामान त्यानं गडी लावून काढलं, पाळणा आणि फळीवर उरलेली दुपटी सोडून. जे काय होतं ते त्या घरातच राहिलं, असं दोघींनी धरलं होतं.

नव्या घरातल्या पहिल्या दुपारी दानू फरशीवर बाहुली घेऊन बसली होती. बाहुली पांढऱ्या दुपट्यात. शिवलीलानं झडप घालून ते ओढून घेतलं. दानू भोकाड पसरून रडली, रडू दे!

राजशेखरनं ते हातात घेतलं. एकदा बोटांत चोळलं, आणि खिशातून भिंग काढलं. टॉवेलातले धागे मोजायला दुकानदार ठेवतात ते छोटं भिंग. खिडकीशी जाऊन बराच वेळ बघत राहिला.

"ह्याला ताणा नाही, बाणा नाही," तो शेवटी म्हणाला. "विणलेलंच नाही हे. एकच धागा आहे, लीला. कुठं तुटलेला नाही, कुठं सांधलेला नाही."

"गाठ बघा."

त्यानं कोपरा उलटा केला. गाठ रिकामी होती. तिच्या पोटाला सुईच्या टोकाएवढी बारीक भोकं, कितीतरी, आणि त्यांच्या कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या.

"दानू," शिवलीलानं विचारलं, "ही गाठ अशी कधीपासून आहे?"

"जुन्या घरीच फुटली," दानू हुंदके देत म्हणाली. "तू सांगितलेलंस तसं मी हात नाही लावला. फुंकलं पण नाही. तुला हाक मारली, तू फोनवर होतीस."

म्हणजे एका गाठीतलं जुन्या घरात राहिलं. एक दुपटं इथं. दहातलं एक. नऊ. तिनं स्वतःच्या हातानं नऊ घड्या करून पिशवीत भरल्या होत्या. सासूवर सूड म्हणून! हसत!

महादेवीनं फोन लगेच उचलला. "ताई, प्रभू कसाय? मी आज करणारच होते गं फोन."

"बाळ कुठंय?"

"झोपलाय आत. इतका गुणी आहे ना, रडतच नाही. आणि तुझी ती दुपटी, काय मऊ! आमच्या आई त्याला रोज असं छान गुंडाळतात. त्यांना येतं हे मला माहीतच नव्हतं बघ."

"तुझ्या सासूबाई कुठायत आत्ता?"

"वैरागला गेल्यात, सकाळच्या गाडीनं. त्यांच्या भावाकडे. उद्या येतील."

"मग आज त्याला कुणी गुंडाळलं?"

"सकाळी जातानाच..." महादेवी थांबली. "नाही गं. अकराला अंघोळ तर मीच घातली. मोकळाच निजवला होता. आणि मघाशी बघितलं तेव्हा तर..."

"महादेवी, ऐक. त्याला उचल. आत्ताच्या आत्ता उचल, आणि बाहेर रस्त्यावर जा. मी सांगते का ते, आधी उचल!"

"अगं, घाबरवतेस काय. थांब, बघते."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग पैंजणांची पावलं, लांब जाणारी. करमाळ्यात तिच्या घराशेजारी कारखाना नाही, माग नाहीत. दुपारचं घर एकदम शांत होतं. त्या शांततेत शिवलीलाला ते ऐकू येत होतं, बारीक, एका लयीत, घाई नसलेलं. ती फोनमध्ये किंचाळत होती आणि अव्वा तिचा दंड घट्ट धरून उभी होती.

दाराची कडी वाजली. आवाज थांबला.

"अगंबाई," महादेवी लांबून म्हणाली, हसून, मोकळ्या आवाजात. "आई, तुम्ही कधी आलात?"